शिफारसपत्र कोणाकडे मागावं?
नोकरीचा पहिला अर्ज करणाऱ्या आमच्या विद्यार्थी-ग्राहकांसाठी

बायोडेटा करून घ्यायला येणारी मुलं उठता उठता हमखास विचारतात, "शिफारसपत्र कुणाचं जोडू?" बहुतेकांच्या मनात प्राचार्यांचंच नाव असतं, कारण सहीला वजन. आमचं मत वेगळं आहे. ज्यांनी तुम्हाला काम करताना पाहिलंय, त्यांच्याकडे आधी जा. हुद्दा नंतर बघा.

प्राचार्य तुम्हाला ओळखत नसतील तर 'कष्टाळू व सुस्वभावी' एवढंच लिहितील. असं तर सगळ्यांच्याच पत्रात असतं. उलट बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला उभ्या असलेल्या मॅडमना ठाऊक असतं, की टायट्रेशनची रीडिंगं जुळेपर्यंत तुम्ही ब्युरेट सोडत नव्हता, आणि न जुळलेलं रीडिंग वहीत जुळवून लिहिलं नाही. औषध कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) विभागाला नेमका असाच माणूस हवा असतो.

तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना 'ते पर्मनंट नाहीत' म्हणून टाळू नका. प्रोजेक्ट त्यांनीच करून घेतला असेल, तर पत्रही त्यांचंच खरं. फक्त पुढच्या वर्षी ते दुसऱ्या कॉलेजात असू शकतात, म्हणून वर्ष संपण्याआधी गाठा आणि त्यांना विचारून मोबाइल नंबर, ईमेल घेऊन ठेवा. कंपनीकडून पडताळणीचा फोन गेला तर तो लागला पाहिजे.

'कमवा व शिका'त लायब्ररीत बसला असाल तर ग्रंथपालांना विचारा. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांचे २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर केलं असेल, तर कार्यक्रम अधिकाऱ्यांना. इंटर्नशिप झाली असेल तर तिथल्या सुपरवायझरचं पत्र सगळ्यात वर. सुट्टीत दुकानात हिशेब सांभाळलात? अकाउंट्सच्या नोकरीला त्या मालकांचा शब्दही मोलाचा.

काका-मामांचं पत्र नको, ते कितीही मोठे अधिकारी असले तरी. नगरसेवकांच्या लेटरहेडवरचं तर नकोच. खासगी कंपनीत त्याने उलट शंका येते.

मागताना असं विचारा : "सर, या कामासाठी माझ्याबद्दल तुम्हाला मनापासून लिहिता येईल का?" सर घुटमळले तर आभार मानून दुसरीकडे वळा. नाखुशीचं पत्र वाचणाऱ्याला लगेच कळतं. दोन-तीन आठवडे तरी हातात ठेवा. सोबत जाहिरात, बायोडेटा आणि तुम्ही त्यांच्याकडे कोणत्या वर्षी काय केलंत, ते लिहून द्या. वर्षाला शेकडो मुलं शिकवणाऱ्या माणसाला सगळं आठवत नाही, यात त्यांचा दोष नाही.

"सरांच्या नावाने पत्र टाइप करून द्या, सही मी आणतो," असं सांगत बरेच जण येतात. ते आम्ही करत नाही. मात्र सरांना द्यायचं एका पानाचं माहितीपत्रक नीट बसवून देतो. येताना गुणपत्रिका, इंटर्नशिपचा दाखला आणि प्रोजेक्ट रिपोर्टचं पहिलं पान घेऊन या.