जुनं लाकूडतोड मशीन घेण्याआधी: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे येणारा शेतकरी पहिला प्रश्न किमतीचा विचारतो आणि दुसरा, ‘चालू व्हई ना भाऊ?’ दोन्ही रास्त आहेत. पण आम्ही त्याआधी आमचे तीन प्रश्न विचारतो: लाकूड कोणतं, किती, आणि उभं कुठे आहे? याची उत्तरं मिळाल्याशिवाय आम्ही शेडमधलं मशीन दाखवत नाही. यामुळे काही गिऱ्हाइकं परत गेली आहेत, तरी आमची पद्धत आम्ही सोडलेली नाही.

खानदेशातलं लाकूडकाम म्हणजे मोठं जंगल नव्हे. रावेर-यावलच्या केळीबागांना वाऱ्याचा आडोसा म्हणून लावलेली निलगिरी, बांधावरचे कडुलिंब आणि बाभळी, एकर-दोन एकर साग, नाल्याकाठचा बांबू, एवढाच बहुतेकांचा पसारा असतो. अशा कामाला एक बरा चेनसॉ (साखळीची मोटर-करवत, पुढे नुसता सॉ) आणि घरच्या ट्रॅक्टरला लावायची, तारेच्या दोराने ओंडके ओढणारी विंच पुरते. परदेशात एकच मशीन झाड पकडतं, कापतं, फांद्या सोलतं आणि तुकडे करतं, त्याचे व्हिडिओ पाहून काही जण तसलं जुनं मशीन शोधून द्या म्हणतात. ती यंत्रं स्प्रूस-पाइनच्या सरळसोट लागवडींसाठी बनलेली आहेत. आपली बाभूळ कमरेपासून फुटते, वाकडी वाढते आणि तिची फांदीच बुंध्यासारखी जाड असते. तिथे त्या मशीनचं तोंड अडतं. शिवाय त्याला रोजचं पोटभर काम लागतं, ते आपल्या बांधांवर मिळत नाही. असं मशीन आम्ही आणून देणार नाही.

कागद आधी, मशीन नंतर

स्वतःच्या मालकीचं झाड असलं तरी तोडीला कायदा आहे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, खैर, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, अंजन अशी झाडं आहेत, आणि ती परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. अर्ज करण्याआधी सातबाऱ्यावर झाडांची नोंद आहे का पाहा. ती नसली की तलाठी आणि वन विभाग यांच्यात चकरा सुरू होतात आणि हंगाम निघून जातो. शेत वनहद्दीला लागून असेल, तर मोजणीचा नकाशा हाताशी ठेवा. माल गाडीत भरण्याआधी वाहतूक परवान्याचं काय, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या. कोणत्या जातीला पास लागतो आणि कोणत्या जातीला नाही, हे गावातल्या ऐकीव माहितीवर ठरवू नका.

धडगाव-अक्कलकुव्याकडच्या आदिवासी खातेदारांसाठी १९६९ चा वेगळा कायदा आहे. झाडांच्या विक्रीत त्यांची फसवणूक होऊ नये, म्हणून तो केला आहे. घरी येऊन ‘उभी झाडं द्या, रोख घ्या’ म्हणणाऱ्याला होकार देण्याआधी वन कार्यालयात जाऊन या. बांबूची गोष्ट निराळी. २०१७ च्या दुरुस्तीनंतर भारतीय वन अधिनियमातल्या ‘झाड’ या व्याख्येत तो राहिलेला नाही, त्यामुळे वनक्षेत्राबाहेरच्या बांबूचा मार्ग बराच मोकळा झाला आहे.

ओंडके फाडायची आरामशीन घ्यायची असेल, तर एक लक्षात ठेवा. चाकांवरची असो की पक्क्या पायाची, तिला वन विभागाचा परवाना लागतो. परवाना दाखवल्याशिवाय आम्ही आरामशीनचा सौदा करत नाही.

जुना चेनसॉ कसा पाहावा

रंगावर जाऊ नका, रंग आम्हीही मारतो. सायलेन्सरचे स्क्रू काढा आणि बॅटरीच्या उजेडात आत पिस्टन पाहा. त्याची बाजू गुळगुळीत हवी. उभ्या रेघा ओरखडल्या असतील तर ते इंजिन कधीतरी कोरडं तापलेलं आहे, म्हणजे ऑइल कमी पडलं किंवा कुठून तरी जादा हवा शिरली. नवा पिस्टन टाकला तरी ती गळती सापडली नाही, तर नवाही तसाच जाईल. मग कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, मोजा. आमच्याकडे गेज आहे, तुमच्यासमोर लावतो. १२० पीएसआयच्या वर असेल तर इंजिनात दम आहे. शंभराच्या खाली गेलं तर किंमत कितीही पडलेली असो, पुढचा विचार करा.

मग मशीन चालू करून रेसवरचं बोट काढा. रिकाम्या रेसवर चेन जागची हलता कामा नये. हलत असेल तर क्लच किंवा कार्बोरेटरचं काम आहे. पुढचा हातरक्षक ढकलला की चेन तत्क्षणी थांबली पाहिजे. तो चेनब्रेक आहे. बारचं, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या पट्टीचं, टोक अवचित लाकडाला लागलं की सॉ उसळून तोंडाकडे येतो, तेव्हा तुमच्या आणि चेनच्या मध्ये एवढंच असतं. चेनब्रेक, चेन तुटल्यावर ती अडवणारा खालचा आकडा, आणि मुठीवरचा तो खटका, जो दाबल्याशिवाय रेस मिळत नाही, या तिन्ही गोष्टी चालू असल्याशिवाय सॉ आमच्या दारातून बाहेर जात नाही. ‘ब्रेक काढून स्वस्तात द्या’ असं कुणी म्हटलं, तर आम्ही नाही म्हणतो.

आता पेट्रोलचं बोलू, कारण अलीकडे दुरुस्तीला येणाऱ्या सॉमध्ये निम्मं दुखणं तिथेच निघतं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या सॉच्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचे पातळ पडदे त्यासाठी बनलेले नाहीत. ते फुगतात, कडक होतात, आणि इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं. म्हणून जुना सॉ विकताना आम्ही नळ्या आणि पडद्यांचा संच नवाच टाकतो. तुम्ही एवढंच करा: आठवड्याचं लागेल तेवढंच पेट्रोल ऑइल घालून मिसळा आणि काम संपलं की टाकी रिकामी करून सॉ आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. चांगल्या टू-स्ट्रोक ऑइलचं प्रमाण ५०:१ असेल तर लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली. तुमच्या सॉला कोणतं, ते आम्ही टाकीवर लिहून देतो. अंदाजाने ओतू नका.

चेनची धार हा निम्मा सॉ आहे. धार चांगली असली की लाकडातून ढलप्या पडतात. पीठ पडायला लागलं म्हणजे दाते बोथट झाले. अशा वेळी जोर देऊ नका, कानस काढा. ३/८ पिचला (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधलं अंतर, इंचात) साधारण ५.५ मिमीची गोल कानस आणि .३२५ पिचला ४.८ मिमीची. प्रत्येक दात्यावर सारखेच हात फिरवा, नाहीतर काप एका बाजूला वळत जातो. निलगिरीत एक धार बराच वेळ टिकते. सुक्या बाभळीत किंवा अंजनात प्रत्येक टाकीला कानस लागेल, हे गृहीत धरून चला. अंजनाचं लाकूड आपल्या देशातल्या सर्वांत जड लाकडांपैकी आहे. आणि मातीतून ओढलेल्या ओंडक्याची साल कुऱ्हाडीने सोलून मगच चेन लावा. काळ्या मातीतले बारीक खडे क्षणात सगळी धार घालवतात.

विंच आणि ट्रॅक्टर

इथे आमची चूक सांगणं भाग आहे. सुरुवातीच्या काळात आम्ही एक विंच जुन्याच वायर रोपसकट दिली. वरून ती बरी दिसत होती. पहिल्या आठवड्यात ओढताना ती तुटली आणि झटक्याने मागे येऊन ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये घुसली. चालवणारे आप्पा त्या क्षणी पाणी प्यायला खाली उतरले होते, म्हणून वाचले. तेव्हापासून प्रत्येक विंच नव्या रोपसकट जाते आणि ड्रायव्हरच्या मागे जाळी असल्याशिवाय आम्ही ती बसवत नाही. रोपेत पीळ पडला, तारा तुटून काटे निघाले किंवा जाडी दहावा हिस्सा कमी झाली की ती बदला, गाठ मारून वापरू नका. ओढ सुरू असताना रोपेच्या रेषेत आणि रोप वळते त्या कोनाच्या आत कुणीही उभं राहू नये, पोरंसोरं तर नाहीच.

ओढण्याचा बिंदू मागच्या एक्सलच्या खाली हवा. वरून ओढलं तर ओंडका अडल्यावर ट्रॅक्टरचं पुढचं तोंड उचलतं आणि तो मागे पलटतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या चढावर हे फार पटकन होतं, सावरायला वेळ मिळत नाही. पीटीओ शाफ्टवरचं (ट्रॅक्टरच्या इंजिनाची ताकद मागच्या अवजाराला देणाऱ्या दांड्यावरचं) प्लास्टिकचं आवरण तुटलं असेल तर नवं घ्या. मिनिटाला ५४० फेऱ्यांनी फिरणारा शाफ्ट धोतराचं टोक, उपरणं किंवा ओढणी सोडत नाही.

ऊस भरायच्या जुन्या ग्रॅबचा (हायड्रॉलिक पंजाचा) लाकूड भरायला उपयोग होतो. तो पाहताना एक ओंडका उचलून दहा मिनिटं तसाच अधांतरी ठेवा. हळूहळू खाली येत असेल तर सिलिंडरचे सील किंवा व्हॉल्व्ह गेले आहेत. होज गळते का हे हाताने चाचपू नका. बारीक छिद्रातून दाबाने सुटलेलं तेल कातडीत शिरतं, आणि तसं झालं तर दुखत नसलं तरी थेट दवाखाना गाठा. पुठ्ठा धरून पाहा. चिपरची (फाट्यांचा बारीक चुरा करणाऱ्या मशीनची) पाती आम्ही धार लावून देतो. त्यात फाट्यांबरोबर पऱ्हाटीही जाते, पण मुळाला माती असेल तर झटकून टाका.

तोडीचं थोडक्यात

ज्या बाजूला झाड पाडायचं तिकडून आधी खाच घ्या, बुंध्याच्या व्यासाच्या पाव हिश्शाइतकी. मागून काप घेताना तो खाचेच्या तळापेक्षा दोन बोटं वर ठेवा आणि व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकं लाकूड न कापता राहू द्या. ते बिजागरीसारखं झाडाला दिशा देतं. मागे तिरप्या वाटेने पळायची जागा आधीच साफ करा. झाडाच्या दुप्पट उंचीच्या आत दुसरं माणूस नको. अडकून लटकलेल्या झाडाखाली जाऊन फांदी कापू नका, विंचने ओढा. निलगिरी, सुबाभूळ आणि साग खोडातून पुन्हा फुटतात, म्हणून खोड जमिनीलगत, न फाटता, पाणी निथळेल असं थोडं तिरपं कापा.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. सॉ तापलेला असताना टाकी उघडू नका, थंड होऊ द्या. पेट्रोल भरलं त्या जागेपासून लांब जाऊन मशीन चालू करा. सुक्या गवतात काम असेल तर पाण्याचा कॅन आणि ओलं पोतं जवळ हवंच.

माल विकताना

व्यापारी घेराने मोजतो: घेर भागिले चार, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. ४ फूट घेराचा, १० फुटी ओंडका त्या हिशेबाने १० घनफूट होतो. प्रत्यक्षात त्यात सुमारे पावणेतेरा घनफूट लाकूड असतं. ही बाजारातली जुनी रीत आहे, ती चुकीची नाही, पण भाव ठरवताना दोन्ही बाजू एकाच मापाने बोलतात ना, हे पाहा. घेर सालीवरून घेतला की साल काढून, हेही आधी ठरवा.

आमच्याकडून काय मिळेल

मशीन घेताना तुमचाच ओंडका घेऊन या, त्यावर चालवून दाखवू. सोबत एक जादा चेन, कानस, हेल्मेटची जाळी आणि पायाला कापरोधी पट्टा देतो. त्याचे पैसे आम्ही किमतीतच धरतो आणि ते वजा करून सौदा करत नाही. पहिल्या दिवशी आमचा मेस्त्री शेतावर येतो, कारण धार लावणं कागदावरून शिकता येत नाही. जून लागण्याआधी सॉ आणि विंच तपासणीला आणा. पावसाळ्यात कामं थांबतात, आणि सुटे भाग मागवायला आम्हालाही तेव्हाच वेळ मिळतो.