फुकट प्लॉट देणारी अमेरिकेतली छोटी गावं: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

कान्सासमधलं लिंकन, नेब्रास्कातलं कर्टिस, आयोवातलं मार्न. घर बांधून राहायला येणाऱ्यांना फुकट प्लॉट देणारी गावं म्हणून ही नावं वर्षानुवर्षं चर्चेत आहेत. या शेतीच्या भागात यंत्रं आली, शेतं मोठी झाली, माणसं कमी लागू लागली. वस्ती घटली की शाळेचा पट घसरतो आणि गावाचा कर आटतो. नवं घर उभं राहिलं की त्यावर मालमत्ता कर सुरू होतो, म्हणून रिकामा प्लॉट देऊन टाकणं गावाला परवडतं.

ही केंद्र सरकारची योजना नव्हे. 1862च्या होमस्टेड कायद्याखाली 160 एकर मिळायचे आणि पाच वर्षं राहून जमीन कसावी लागायची. तो कायदा 1976मध्ये रद्द झाला, अलास्कात 1986पर्यंत चालला. आज ‘सरकारी जमीन मिळवून देतो’ म्हणून कुणी फी मागत असेल तर सरळ फोन ठेवा. आता मिळतो तो गावातला घरापुरता प्लॉट, आणि तो देतं गावच. त्यावर शेती होणार नाही.

पात्रतेत मुख्य अट एकच: ठरल्या मुदतीत घर बांधायचं आणि त्यात राहायचं. घराचं किमान क्षेत्रफळ ठरलेलं असतं, फिरतं घर (मोबाइल होम, म्हणजे ओढून आणलेलं तयार घर) आणून ठेवणं बहुतेक ठिकाणी चालत नाही. काही गावं उत्पन्नाची मर्यादाही घालतात. परदेशी नागरिकांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: जमीन नावावर झाली म्हणून अमेरिकेत राहायचा हक्क मिळत नाही. व्हिसाचा मार्ग पूर्ण वेगळा आहे.

सुरुवात सिटी हॉलला, म्हणजे गावाच्या कार्यालयाला, फोन करून करा. प्लॉट शिल्लक आहेत का, हे सिटी क्लार्क (गावाचं दप्तर सांभाळणारा अधिकारी) किंवा गावाची विकास संस्था सांगते. अर्जाबरोबर साधारणपणे ओळखपत्र, घराचा नकाशा, ठेकेदाराचं अंदाजपत्रक आणि पैशांची सोय दाखवणारा पुरावा लागतो, म्हणजे बँकेचं कर्ज-पूर्वमंजुरीचं पत्र किंवा खात्याचं विवरण. कुठे अनामतही भरावी लागते. अर्ज गावाच्या निवडून आलेल्या परिषदेच्या बैठकीत मंजूर झाला की करारनामा होतो, मग बांधकाम परवाना.

करारनामा मात्र सावकाश वाचा. खरेदीखत कधी होणार, हे त्यात आधी शोधा. घर पूर्ण झाल्यावरच होणार असेल तर बँक अडते, कारण तारण ठेवायला जमीन तुमच्या नावावर नसते. आधी होणार असेल तर मुदत चुकल्यास जमीन गावाकडे परत जाईल, असं कलम बहुधा असतं. अर्धवट बांधकामाचं काय होणार आणि मुदतवाढ कोण देणार, हे लेखी घ्या. तोंडी आश्वासन परिषद बदलली की संपतं.

दुसरी अडचण कर्जाची, आणि माझ्या मते बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. छोट्या गावात घरांना भाव कमी, पण सिमेंट-लाकूड शहराच्याच दराने. समजा बांधकामाला 2,50,000 डॉलर लागले आणि बँकेच्या मूल्यांकनात घर 2,00,000चं ठरलं. बँकेने 80 टक्के दिले तर हातात 1,60,000 येतात. उरलेले 90,000 तुमचे. प्लॉट फुकट मिळाल्याने वाचलेले पैसे या खड्ड्यापुढे किरकोळ ठरतात. म्हणून अर्जाआधी त्याच भागातल्या बँकेत जाऊन बोला. तिथल्या घरांचे भाव त्यांना ठाऊक असतात.

प्लॉट प्रत्यक्ष बघा. पाण्याची जोडणी आणि मलवाहिनी हद्दीपर्यंत आली आहे का? नसेल तर रस्ता खोदून आणायचा खर्च कुणाचा? रस्ता-गटारांच्या कामासाठी गावाने प्लॉटवर लावलेला खर्चाचा वाटा थकीत किंवा हप्त्यांत असू शकतो, तो प्लॉटबरोबर तुमच्या माथी येतो. सिटी क्लार्ककडून त्याचा आकडा लेखी मागून घ्या.

इतर देशांतही असे प्रकार आहेत. कॅनडात मॅनिटोबातल्या पाइपस्टोनने 10 कॅनेडियन डॉलरला प्लॉट देऊ केले. ऑस्ट्रेलियातल्या क्विल्पीने 2021मध्ये वेगळी वाट घेतली: प्लॉट विकत घ्या, घर बांधून सहा महिने राहा, मग 12,500 ऑस्ट्रेलियन डॉलरचं अनुदान घ्या. तिथे मात्र ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा परवाना आधीपासून हवा, आणि प्लॉटचे पैसे सुरुवातीला खिशातूनच घालावे लागतात.