खडकीत कारखाना, म्हणून काडतुसं स्वस्त?

ट्रॅप शूटिंगचा, म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्या छर्‍यांच्या बंदुकीने फोडण्याच्या खेळाचा, विषय निघाला की पुण्यात हमखास ऐकू येतं: "खर्च काय तो एकदा बंदुकीचा. काडतुसं काय, खडकीतच बनतात!"

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, आणि तिथे १२ बोअरची (या खेळातल्या बंदुकीच्या नळीच्या मापाची) काडतुसं बनली हेही खरं. पण म्हणून कुणी फाटकावर जाऊन पिशवी भरून आणत नाही. काडतुसं परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यायची, तीही परवाना दाखवून. एका वेळी किती आणि वर्षात किती, याची मर्यादा असते. प्रत्येक खरेदीची नोंद होते. शस्त्र नियम २०१६ नुसार पात्र नेमबाजांना जास्त कोटा मिळतो. पण कोटा म्हणजे परवानगी, सवलत नव्हे. पैसे खिशातलेच.

आता हिशोब. एका फेरीत २५ चकत्या. ऑलिम्पिक ट्रॅपच्या पात्रता फेऱ्यांत प्रत्येक चकतीवर दोन बार टाकता येतात, म्हणजे एका फेरीला २५ ते ५० काडतुसं. १२५ चकत्यांच्या स्पर्धेला कमाल २५०, सराव वेगळाच! समजा काडतूस ५० रुपयांना पडलं, तर एका फेरीचे साडेबाराशे ते अडीच हजार उडाले. चकत्या आणि रेंजचं शुल्क वर. शिवाय स्पर्धेत एका काडतुसात छर्रे (बारीक गोळ्या) २४ ग्रॅमपर्यंतच चालतात, त्यामुळे रानडुकरांसाठी घेतलेलं जड काडतूस इथे कामाचं नाही.

बंदूक महाग असते, कबूल. पण नीट राखली तर ती पुढची पिढीही वापरते. काडतूस एकदाच वाजतं.