तारा बसवल्यानंतर: दोन ब्रशिंगच्या मधले तास

आमच्याकडे दातांना तारा बसवून घेणाऱ्या प्रत्येकाला हे पत्रक पहिल्याच दिवशी देतो. सकाळी आणि रात्री दात कसे घासायचे, हे खुर्चीवर बसल्या-बसल्या आरशात दाखवलेलं असतंच, आणि बहुतेक जण ते मनापासून करतातही. दात बिघडतात ते मधल्या वेळात. सकाळच्या ब्रशनंतर रात्रीच्या ब्रशपर्यंत बारा-चौदा तास जातात. तेवढ्यात नाश्ता, जेवण, चहा, मधलं खाणं असं बरंच काही तोंडात येतं आणि तारांमध्ये अडकून बसतं. त्या तासांत काय करायचं, एवढंच इथे सांगायचं आहे.

तारांखाली काय चालतं

तारा नसतात तेव्हा ओठ, गाल आणि जीभ दिवसभर दातांवरून फिरत असतात आणि लाळ वाहत असते. थोडीफार सफाई आपोआप होत राहते. ब्रॅकेट, म्हणजे तार धरून ठेवणारे छोटे तुकडे, दातांवर चिकटवले, त्यांतून तार ओवली, वर रबर लावलं की दातावर कितीतरी कोपरे तयार होतात. जीभ तिथे पोहोचत नाही आणि लाळही नीट फिरत नाही. अन्नाचे कण दिसतात म्हणून आपण त्यांच्या मागे लागतो, पण खरा त्रास देतो तो न दिसणारा चिकट थर, म्हणजे प्लाक. हा थर जंतूंचा असतो. तोंडात साखर किंवा पिठूळ पदार्थ आला की हे जंतू काही मिनिटांतच आम्ल बनवायला लागतात. थरातला पीएच, म्हणजे आम्लपणाचा आकडा (जितका कमी तितकं आम्ल जास्त), साधारण 5.5 च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कवचातलं, म्हणजे इनॅमलमधलं, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून बाहेर पडू लागतं. मग लाळ हळूहळू आम्ल निवळवते आणि गेलेले क्षार काही प्रमाणात परत भरते. याला साधारण अर्धा ते एक तास लागतो.

यावरून एक गोष्ट लक्षात घ्या. किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, हे दातांच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं. बिस्किटांचा अख्खा पुडा जेवणाबरोबर संपवला तर दातांवर आम्लाचा एक मारा होतो. तोच पुडा दर तासाला एकेक बिस्कीट करून खाल्ला तर दिवसभर लाळेला उसंतच मिळत नाही. म्हणून गोड खाऊ नका असं आम्ही सांगत नाही, जेवणाबरोबर खा असं सांगतो. गोड चहा-कॉफी किंवा सरबत घोट-घोट करत तासभर पिण्याची सवय मात्र तारा असेपर्यंत खरोखरच सोडा. आमच्या मते तारा लावलेल्या दातांना सगळ्यात जास्त नुकसान या एका सवयीने होतं.

पांढरे डाग

थर जागच्या जागी राहिला तर ब्रॅकेटभोवती खडूसारखे पांढरे डाग उमटतात. याला वर्ष-दोन वर्षं लागत असतील असं पालकांना वाटतं, पण दुर्लक्ष झालं तर चार आठवड्यांतही असा डाग दिसू शकतो. ही किडीची पहिली पायरी आहे. तारा काढल्यावर काही डाग फिके होतात, पण सगळे जात नाहीत. दात सरळ झाले आणि प्रत्येक दातावर ब्रॅकेटची पांढरी चौकट राहिली, असं कोणाच्याही बाबतीत होऊ नये म्हणून आमचा हा आग्रह.

कुठे पाहायचं ते सांगतो. खिडकीजवळ आरसा घेऊन उभं राहा, वरचा ओठ उचला आणि समोरच्या दोन मोठ्या दातांच्या बाजूचा लहान दात, म्हणजे सुळ्याच्या अलीकडचा, स्वच्छ रुमालाने टिपून कोरडा करा. आता ब्रॅकेट आणि हिरडी यांच्या मधली अरुंद पट्टी नीट बघा. डाग बहुतेक वेळा पहिल्यांदा याच दातावर येतात. निरोगी पट्टी चकचकीत दिसते. थर असेल तर ती निस्तेज, मऊसर दिसते, आणि नखाने हलकेच खरवडली तर पांढुरका लगदा निघतो. थर काढल्यावरही तिथली चमक परत आली नाही, तर पुढच्या तारखेची वाट न बघता आम्हाला दाखवा.

खाल्ल्यानंतर लगेच

साध्या पाण्याने चूळ भरा. तोंड ओलं करून थुंकणं म्हणजे चूळ नव्हे. घोट तोंडात घ्या, ओठ घट्ट मिटा आणि पाणी गाल फुगवून तारांमधून जोरात इकडून तिकडे फिरवा. असं दोन-तीन वेळा करा. यात सैल कण निघतात आणि आम्लही पातळ होतं. पण चिकटलेला थर पाण्याने जात नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. त्याला घासावंच लागतं.

दुपारच्या जेवणानंतर तिसऱ्यांदा ब्रश करता आला तर उत्तमच. फक्त लिंबू, संत्रं, सोडा असं काही आंबट खाल्लं-प्यायलं असेल तर अर्धा तास थांबा. आम्लाने इनॅमलचा पृष्ठभाग तेवढ्यापुरता मऊ झालेला असतो आणि त्यावर लगेच ब्रश फिरवला तर झीज होते. तोवर चूळ पुरे.

दातांच्या फटींचा ब्रश

बाटली घासायच्या ब्रशची अगदी छोटी आवृत्ती असावी तसा हा इंटरडेंटल ब्रश दिसतो. तारांसाठी एकच जादा वस्तू घ्यायची असेल तर हीच घ्या, असं आमचं ठाम मत आहे. खिशात मावतो, पाणी-पेस्ट काही लागत नाही, आणि मोठा ब्रश जिथे पोहोचत नाही नेमका तिथे जातो.

वापरताना दोन ब्रॅकेटच्या मधोमध, तारेच्या मागून, हिरडीच्या बाजूने हलक्या हाताने आत घाला. चार-पाच वेळा वर-खाली करा. मग तसाच थोडा डावीकडे कलवून डावीकडच्या ब्रॅकेटची कड घासा आणि उजवीकडे कलवून उजवीकडची. बाहेर काढा, दाताच्या चावण्याच्या कडेकडून पुन्हा घाला आणि तसंच करा. ब्रॅकेटच्या वरची पट्टी विसरू नका, तिथे तो आडवा फिरवा. दाढांकडे जाताना मोठा आ करू नका. तोंड अर्धवट मिटलं की गाल सैल पडतो आणि ब्रशला जागा मिळते. हा एक बारकावा कळला की बऱ्याच जणांचं मागचं काम सोपं होतं.

ब्रश वेगवेगळ्या जाडीत मिळतात. आत जाताना केस किंचित अडले पाहिजेत, पण मधली धातूची तार दाताला घासता कामा नये. जबरदस्तीने घुसवावा लागत असेल तर तो तुमच्यासाठी जाड आहे. तुमच्या तोंडात बहुधा दोन मापं लागतील, ती आम्ही लिहून देतो. रंगावरून माप ओळखू नका, कारण प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे असतात. केस पसरले किंवा मधली तार वाकली की ब्रश टाकून द्या. वाकलेली तार मोडून फटीत अडकू शकते.

बाकीची साधनं, थोडक्यात

फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटींतून फिरवायचा बारीक दोरा, तारेमागून ओवायला कटकट वाटते. त्यासाठी एक टोक ताठ असलेला फ्लॉस मिळतो, तो सुईत दोरा ओवतो तसा तारेखालून काढता येतो. हे काम शांतपणे रात्री एकदाच करा, दिवसा बाहेर नको. पाण्याच्या फवाऱ्याचं यंत्र अडकलेले कण छान काढतं आणि हिरड्यांनाही बरं पडतं, पण ते घेतलं म्हणून ब्रश सुटत नाही. लाकडी टूथपिक तारेत मोडते. सेफ्टी पिन, टाचणी किंवा पेनाचं टोक तर चुकूनही घालू नका. हिरडी फाटते, ब्रॅकेट निघतं.

फ्लोराइडचा माउथवॉश, रोजच्या वापराचा, म्हणजे 0.05 टक्के सोडियम फ्लोराइडचा, उपयोगाचा आहे. पण तो ब्रश केल्या-केल्या वापरू नका. चांगल्या पेस्टमध्ये 1000 ते 1500 पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) फ्लोराइड असतं, माउथवॉशमध्ये साधारण 225. लगेच माउथवॉश घेतला तर जास्तीचं धुऊन कमीचं लावल्यासारखं होतं. दुपारच्या चुळेनंतर घ्या आणि पुढे अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका. गिळायचा नाही, आणि सहा वर्षांखालच्या भावंडाच्या हाती लागू द्यायचा नाही. क्लोरहेक्सिडीनचा, म्हणजे जंतुनाशक औषधाचा, माउथवॉश वेगळा. तो सांगितलेल्या दिवसांपुरताच घ्यावा, जास्त दिवस वापरला तर दातांवर तपकिरी डाग पडतात.

बिनसाखरेच्या च्युइंगमने लाळ वाढते हे खरं, पण तुमच्या तारांच्या प्रकाराप्रमाणे आम्हाला विचारून मगच खा.

रक्त आलं तर

घासताना हिरडीतून रक्त दिसलं की बरेच जण घाबरून तेवढा भाग सोडून देतात. नेमकं उलटं करायचं असतं. थर साठल्यामुळे हिरडी सुजते आणि म्हणून रक्त येतं. मऊ ब्रशने, हलक्या हाताने, पण तोच भाग रोज साफ केला तर बहुधा आठवडा-दोन आठवड्यांत रक्त थांबतं. तरीही थांबलं नाही किंवा हिरडी फुगून ब्रॅकेटवर चढू लागली तर या. थर दातावरच वाळून किटण झाला असेल तर तो घरी निघत नाही, इथेच काढावा लागतो.

तारा घट्ट केल्यावर सुरुवातीचे काही दिवस दात दुखतात आणि घासायचा कंटाळा येतो, हे आम्हाला ठाऊक आहे. त्या दिवसांत कोमट पाण्यात थोडं मीठ घालून चुळा भरा आणि ब्रश सावकाश फिरवा, पण बंद ठेवू नका. आणि काही झालं तरी रात्रीचं घासणं चुकवू नका. झोपेत लाळ अगदी कमी सुटते, त्यामुळे अडकलेल्या कणाला रात्रभर मोकळं रान मिळतं. रात्री ब्रश झाल्यावर पाण्याशिवाय काहीही नको.

रबर बँड लावायला दिले असतील तर साफ करताना ते काढा आणि नंतर नवे लावा.

आम्हाला कधी कळवायचं

ब्रॅकेट हलतंय, सुटून तारेवर फिरतंय किंवा दाढेवरची कडी सैल झाली आहे असं वाटलं तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी फोन करा. सैल कडीखाली अन्न शिरतं आणि तिथे कीड आतल्या आत लागते, बाहेरून काही दिसत नाही. तारेचं टोक गालाला टोचत असेल तर सोबत दिलेल्या मेणाची वाटाण्याएवढी गोळी करून, टोक कोरडं करून त्यावर दाबा आणि येण्याची वेळ घ्या. तार स्वतः कापू नका.

दर भेटीला येताना तुमचा रोजचा ब्रश आणि फटींचा ब्रश, दोन्ही पिशवीत टाकून आणा. ब्रशचे केस कसे झिजलेत त्यावरून हात कुठे जोरात पडतो आणि कुठे पोहोचतच नाही हे आम्हाला कळतं, आणि त्याप्रमाणे पुढच्या महिन्यासाठी काय बदलायचं ते सांगता येतं.