फुटबॉल पाठीराख्यांसाठी सामनादिवशीची बससेवा

फुटबॉलच्या सामन्याला जाणाऱ्या पाठीराख्यांना ठरलेल्या ठिकाणाहून मैदानापर्यंत नेणारी आणि सामना संपल्यावर परत आणून सोडणारी, केवळ त्या दिवसापुरती चालवली जाणारी बस वाहतूक. तिचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात पाठीराख्यांचे मंडळ किंवा खुद्द क्लब आरामबस भाड्याने घेऊन परगावच्या सामन्याला जातो. दुसऱ्यात घरच्याच सामन्यासाठी रेल्वे स्थानक, शहराचा मध्यभाग किंवा दूरचा वाहनतळ आणि मैदान यांच्यामध्ये जादा गाड्या सोडल्या जातात. घरच्या सामन्याला जाण्याची वेळ प्रवाशाच्या हाती असते, परतीची वेळ मात्र दोन्ही प्रकारांत सर्वांची एकच असते. तीस हजार माणसे तीन तासांत थोडी थोडी करून मैदानावर जमतात आणि पंधरा मिनिटांत एकदम बाहेर पडतात. त्यामुळे अशा सेवेची खरी कसोटी परतीच्या फेरीतच लागते. या नोंदीत मुख्यतः इंग्लंडमधील पद्धतीचे वर्णन केले आहे, कारण परगावच्या सामन्याला शेकडो किलोमीटर प्रवास करून दर आठवड्याला जाण्याची प्रथा तेथे फार खोलवर रुजलेली आहे.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्लंडमधील गिरण्यांच्या व खाणींच्या गावांतून उघड्या टपाच्या मोटारगाड्या करून लोक शेजारच्या गावी सामने पाहायला जात. लांबच्या प्रवासाला मात्र रेल्वेच्या खास गाड्या असत. १९७३ मध्ये ब्रिटिश रेल्वेने ‘लीग लायनर’ नावाची, दूरचित्रवाणी संच व संगीताचा डबा असलेली गाडी क्लबांना भाड्याने देण्यासाठी काढली. परंतु या खास गाड्यांसाठी रेल्वे बहुधा जुने डबे वापरी, त्यांची मोडतोड होई आणि स्थानकांवर दोन गटांच्या मारामाऱ्या होत. दरम्यान, १९५८ पासून खुल्या होऊ लागलेल्या मोटरवेंनी, म्हणजे द्रुतगती मार्गांनी, गावागावांतील अंतर कमी केले आणि हळूहळू पाठीराख्यांचा प्रवास रेल्वेकडून बसकडे सरकला.

आरामबसचे गणित वरवर सोपे आहे. एका गाडीत साधारणपणे पन्नासच्या आसपास आसने असतात. गाडीचे भाडे, चालकाचे वेतन, इंधन आणि वाहनतळाचे शुल्क गाडी भरली तरी तेवढेच आणि अर्धी रिकामी राहिली तरी तेवढेच. पस्तीस जण आले तर तोटा आणि अठ्ठेचाळीस आले तर थोडी शिल्लक, अशा अरुंद पट्टीवर ही सेवा चालते. बहुतेक मंडळांत हे काम एखादा प्रवास सचिव बिनपगारी करतो. नावे नोंदवून आगाऊ पैसे घेणे, प्रत्येक थांब्यावरून किती जण चढणार याची यादी करणे, गाडी ठरवणे, पोलिसांना कळवणे आणि परतीच्या वेळी दरवाजात उभे राहून माणसे मोजणे ही सारी कामे त्याच्याकडे असतात. रात्री उशिरा परगावच्या वाहनतळावर एखादा प्रवासी आला नाही, तर किती वेळ थांबायचे हा निर्णयही त्यालाच घ्यावा लागतो. क्लबांच्या इतिहासात या माणसांची नावे क्वचितच आढळतात. वस्तुतः परगावच्या गॅलरीतला आवाज मोठ्या प्रमाणात त्यांच्या श्रमावर उभा असतो.

मागणी किती येईल याचा अंदाज तिकिटांवरून बांधता येतो. प्रीमियर लीग या इंग्लंडमधील सर्वोच्च साखळी स्पर्धेत पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांना सर्वसाधारणपणे ३,००० जागा द्याव्या लागतात, आणि मैदान लहान असल्यास त्याच्या क्षमतेच्या दहा टक्के. २०१६–१७ च्या हंगामापासून या तिकिटाची कमाल किंमत ३० पौंड ठरवण्यात आली. तिकिटाला मर्यादा आली, तरी प्रवासाला ती नाही. म्हणूनच अनेक क्लब लांबच्या किंवा आडवेळच्या सामन्यांना बसभाड्याचा काही भाग स्वतः उचलतात.

वेळापत्रकाची अडचण चालकाच्या नियमांमुळे अधिक बिकट होते. ब्रिटनमध्ये लांब पल्ल्याच्या बसचालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते आणि एका दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त, आठवड्यातून दोनदा फार तर दहा तास, गाडी चालवता येत नाही. बसच्या वेगालाही यंत्राने ताशी सुमारे १०० किलोमीटरची मर्यादा घातलेली असते. न्यूकॅसलहून बोर्नमथ सुमारे ५६० किलोमीटर दूर आहे. जाण्यालाच सहा तासांहून अधिक लागतात. तेवढेच अंतर त्याच दिवशी परत येणे एका चालकाला कायद्याने शक्य नाही. दुसरा चालक घ्यावा लागतो, तो खर्च प्रत्येक आसनावर चढतो, आणि जेथे सेवेची गरज सर्वांत मोठी तेथेच ती सर्वांत महाग होते.

शनिवारी दुपारी तीन ही पूर्वापार चालत आलेली वेळ दूरचित्रवाणीच्या सोयीसाठी बदलू लागल्यापासून बससेवा ही केवळ स्वस्त सोय राहिलेली नाही. सोमवारी रात्री आठच्या सामन्याची अखेरची शिट्टी वाजते, तोवर अनेक शहरांकडे जाणारी शेवटची रेल्वेगाडी सुटलेली असते. तेव्हा आरामबस हा स्वतःची मोटार नसलेल्या पाठीराख्याचा एकमेव मार्ग उरतो. जूनमध्ये हंगामाचे वेळापत्रक जाहीर झाले, तरी त्यावर विसंबून गाडी ठरवता येत नाही, कारण तारखा नंतर हलतात. एफए चषक या इंग्लंडमधील बाद पद्धतीच्या स्पर्धेतील बरोबरीनंतरचे फेरसामने तर पुष्कळदा दहा-बारा दिवसांच्या सूचनेवर येत. मुख्य स्पर्धेच्या पहिल्या फेरीपासूनचे असे फेरसामने २०२४–२५ पासून बंद झाले.

या वाहतुकीवरील कायदा कडक आहे. स्कॉटलंडमध्ये मे १९८० मधील सेल्टिक व रेंजर्स यांच्या चषक अंतिम सामन्यानंतर ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर दंगल झाली आणि त्याच वर्षीच्या फौजदारी न्याय कायद्याने मैदानात व पाठीराख्यांच्या गाड्यांत मद्य नेण्यास बंदी घातली. इंग्लंड व वेल्ससाठी तसाच कायदा जुलै १९८५ मध्ये झाला. त्याच्या दोनच महिने आधी ब्रुसेल्सच्या हायझेल मैदानावर ३९ प्रेक्षक मृत्युमुखी पडले होते. सामन्याला जाणाऱ्या किंवा तेथून येणाऱ्या भाड्याच्या बसमध्ये मद्य बाळगणे, तसेच दारूच्या नशेत असणे हा या कायद्याने गुन्हा आहे. जाणूनबुजून मद्य नेऊ दिल्यास बसमालक आणि गाडी भाड्याने घेणारा हेही दोषी ठरतात. पुढच्याच वर्षी हा कायदा छोट्या गाड्यांनाही लागू झाला. याखेरीज बस परवाने देणाऱ्या ट्रॅफिक कमिशनरांची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यांनुसार सहलीची सूचना पोलिसांना किमान ४८ तास आधी द्यावी, सामना सुरू होण्यापूर्वी दोन तासांहून आधी मैदानावर पोचू नये, पोलिसांच्या संमतीवाचून मैदानापासून दहा मैलांच्या आत थांबू नये आणि सामना संपल्यावर अर्ध्या तासात निघावे. यातील मद्यबंदीमागची भीती काल्पनिक नव्हती. तरीही नेहमीच्या वेळापत्रकातील रेल्वेगाडीने त्याच सामन्याला जाणाऱ्याला लागू नसलेला निर्बंध बसमधल्या साठीच्या जोडप्याला आणि शाळकरी मुलाला सरसकट लागू व्हावा, ही पाठीराख्यांच्या संघटनांची जुनी तक्रार आहे आणि ती न्याय्य वाटते.

सोय आणि नियंत्रण यांतील सीमारेषा काही ठिकाणी पूर्णपणे पुसली जाते. तीव्र वैर असलेल्या सामन्यांसाठी पाहुण्या पाठीराख्यांनी क्लबच्याच बसने, ठरलेल्या जागेवरूनच निघावे अशी सक्ती केली जाते. तिकीट हातात न देता केवळ पावती दिली जाते आणि वाटेतल्या विश्रांतीस्थळी ती तिकिटाशी बदलून मिळते. वेल्समधील कार्डिफ व स्वान्सी यांच्या सामन्यांना ही पद्धत अनेक वर्षे होती. नेदरलँड्समध्येही धोकादायक मानल्या गेलेल्या सामन्यांना तिकीट आणि बसप्रवास एकमेकांना बांधले जातात. मार्च २०१३ मध्ये हडर्सफील्ड व हल यांच्या सामन्यासाठी अशी सक्ती जाहीर झाली तेव्हा दोन्ही क्लबांच्या पाठीराख्यांनी एकत्र येऊन विरोध केला आणि ती शिथिल करावी लागली. हडर्सफील्डमध्येच राहणाऱ्या हलच्या पाठीराख्याने आधी हलला जावे आणि तेथून बसने परत यावे, असा अर्थ त्या नियमातून निघत होता.

दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे घरच्या सामन्यासाठीच्या सेवेचे सर्वांत बोलके उदाहरण ब्रायटन अँड होव अल्बियन या क्लबचे आहे. त्यांचे गोल्डस्टोन मैदान विकले गेले आणि २६ एप्रिल १९९७ रोजी डॉनकास्टर रोव्हर्सविरुद्ध तेथला शेवटचा सामना झाला. त्यानंतरची दोन वर्षे क्लबने ‘घरचे’ सामने सुमारे ११० किलोमीटरवरील जिलिंगहॅम येथे खेळले. अशा काळात घरचा सामना म्हणजेही परगावचा प्रवास होता. १९९९ मध्ये क्लब ब्रायटनला परतला तो विथडीन या धावण्याच्या शर्यतींसाठीच्या मैदानावर. हे मैदान दाट वस्तीत होते, म्हणून सामन्याच्या दिवशी आसपास मोटारी उभ्या करण्यास मनाई करण्यात आली आणि सामन्याच्या तिकिटातच बस व रेल्वे प्रवासाची सोय देण्यात आली. बारा वर्षे चाललेल्या या तडजोडीने क्लबला एक सवय लावली, आणि तीच पुढे उपयोगी पडली. शहराच्या कडेला, टेकड्यांच्या पायथ्याशी फाल्मर येथे नवे मैदान बांधण्यास अनेक वर्षांच्या वादानंतर परवानगी मिळाली. तेथे हजारो मोटारी येऊ नयेत यासाठीच्या प्रवास योजनेला त्यात मोठे स्थान होते. २०११ मध्ये सुमारे २२,००० आसनांचे मैदान उघडले. तिकीटधारकाला ठरलेल्या परिसरात बस आणि रेल्वे मोफत ठेवण्यात आली, शहराबाहेर मोटार लावून बसने येण्यासाठी वाहनतळ ठरवण्यात आले, आणि मैदानातील उपाहारगृहे सामन्यानंतरही उघडी ठेवून गर्दी टप्प्याटप्प्याने सुटेल असे पाहिले गेले. लीगमधला तेथला पहिला सामना डॉनकास्टरविरुद्धच झाला. या क्लबच्या लोकांसाठी त्या योगायोगाचे मोल मोठे आहे. चौदा वर्षे ते आपल्याच संघाला पाहण्यासाठी बसमध्ये बसत आले होते. पुढे मैदानाची क्षमता तीस हजारांच्या वर गेली, तशी परतीची रांग लांबली आणि योजनेवरील ताणही वाढला.

लिव्हरपूलमध्ये सँडहिल्स रेल्वे स्थानकापासून मैदानापर्यंत, म्हणजे अ‍ॅनफील्डपर्यंत ‘सॉकरबस’ नावाची सेवा आहे. जर्मनीत सामन्याचे तिकीट दाखवून त्या भागातील सार्वजनिक वाहनांतून प्रवास करण्याची पद्धत बहुतेक क्लबांनी स्वीकारली असून, २०२४ च्या युरोपीय स्पर्धेतही तिकीटधारकांना यजमान शहरात ३६ तासांचा स्थानिक प्रवास तिकिटातच देण्यात आला.

चाकाच्या खुर्चीवरील पाठीराख्यांना मात्र या सेवा आजही पुरेशा खुल्या नाहीत. ब्रिटनमधील सुगम्यतेचे नियम वेळापत्रकानुसार चालणाऱ्या मोठ्या बसना लागू होतात, खाजगी सहलीसाठी भाड्याने घेतलेल्या आरामबसना नाही. उचलयंत्र असलेली गाडी वेगळी मागवावी लागते, ती आठवडे आधी ठरवावी लागते आणि चाकाच्या खुर्चीसाठी आसने काढल्याने मंडळाचे गणित बिघडते. शेवटच्या क्षणी मिळालेल्या तिकिटावर बसमध्ये उडी मारण्याचा आनंद या पाठीराख्यांना मिळत नाही.

परवाना, चालकाची विश्रांती आणि गाडीची तपासणी या रूक्ष वाटणाऱ्या बाबींवर जीव अवलंबून असतात. ऑगस्ट २०२३ मध्ये ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यात कोरिंथियान्स या क्लबच्या पाठीराख्यांची सामन्याहून परतणारी बस उलटून सात जण ठार झाले. त्या बसकडे प्रवासी वाहतुकीची आवश्यक परवानगी नव्हती. भारतात मार्च २०२२ मध्ये मडगावजवळील फातोर्डा येथील इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यासाठी केरळ ब्लास्टर्सचे पाठीराखे हजारोंनी गोव्यात आले. त्यांपैकी दोन तरुण दुचाकीने येत असता कासरगोड जिल्ह्यात अपघातात दगावले. लांबच्या सामन्याला संघटित, परवडणारी बस असणे का आवश्यक आहे, हे यावरून कळते.

भारतात अशी सेवा अद्याप प्रासंगिकच आहे. लीगचे बरेच सामने संध्याकाळी साडेसातला सुरू होतात आणि गोव्यातील गावांकडे जाणाऱ्या बस त्या सुमारास विरळ होऊ लागतात, त्यामुळे फातोर्ड्याचा प्रेक्षक बहुधा स्वतःच्या वाहनाने येतो. जत्रा-यात्रांसाठी जादा गाड्या सोडण्याचा दांडगा अनुभव महाराष्ट्रात एस.टी.कडे आहे. क्रीडा सामन्यांसाठी त्या धर्तीवरचा ठळक प्रयोग क्रिकेटच्या निमित्ताने झाला. पुण्याजवळ गहुंजे येथील मैदान द्रुतगती मार्गालगत, शहरापासून दूर आहे. २०२३ च्या विश्वचषकातील तेथल्या सामन्यांसाठी पुण्याची शहर बससेवा चालवणाऱ्या पीएमपीएमएलने मनपा भवन, कात्रज आणि निगडी येथून विशेष बस सोडल्या आणि सामना संपल्यावर परतीच्या फेऱ्याही ठेवल्या.