व्हेंडिंग मशीनच्या धंद्यात पहिला कामगार ठेवताना: बेळगाव सीमाभागातल्या मंडळींनी कागद कुठे अडतात ते आधी वाचा

चार मशीनपर्यंत माणूस एकटाच सगळं ओढतो. सकाळी हॉस्पिटलच्या लॉबीतलं मशीन भरायचं, मग उद्यमबागला जाऊन कॉफीच्या नळ्या धुवायच्या, दुपारी कॉलेजात अडकलेलं वेफर्सचं पाकीट काढायचं. पाचवं मशीन लागलं की एक पोरगा ठेवावाच लागतो. पोरगा मिळतो, पगारही ठरतो, पण आस्थापना नोंदणीचा अर्ज परत येतो. गेली काही वर्षं मी अशा लोकांचे अर्ज भरून देतोय. परत येणारे अर्ज बहुतेक त्याच चार-पाच ठिकाणी अडकतात.

सगळ्यात मोठं कारण आधी सांगतो. आपण मोबाईलवर मराठीत शोधतो आणि मराठीत जे मिळतं ते महाराष्ट्राचं असतं. कोल्हापूरचा पाहुणा सांगतो, "कामगार मोजकेच असतील तर नोंदणी लागतच नाही, नुसती ऑनलाईन सूचना द्यायची." त्याचं खरं आहे, कारण महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्यात तशीच सोय आहे. पण तुमचं गोदाम शहापूरला किंवा खानापूरला असेल तर तुम्हाला कर्नाटकाचा 1961 चा दुकाने व वाणिज्य आस्थापना कायदा लागतो, आणि त्यात ही सूट नाही. एक कामगार असला तरी नोंदणी करावी लागते. अर्ज कामगार खात्याच्या ई-कार्मिक पोर्टलवर 'ए' नमुन्यात भरायचा. महाराष्ट्राच्या 'आपले सरकार' पोर्टलवर बेळगाव जिल्हा शोधत बसलेले लोक मी पाहिलेत. तिथं तो मिळणार नाही.

नोंदणीची मुदतही बरेच जण चुकीची वाचतात. 30 दिवस धंदा सुरू झाल्यापासून मोजायचे असतात, कामगार ठेवल्यापासून नव्हे. दोन वर्षं एकट्यानं मशीन चालवून आता पहिला माणूस ठेवणाऱ्याची मुदत केव्हाच टळलेली असते. अशा वेळी घाबरून सुरुवातीची तारीख पुढची टाकू नका. जीएसटीचा नोंदणी दाखला, मशीन खरेदीचं बिल, हॉस्पिटलशी झालेला करार, सगळ्यांवर जुन्याच तारखा आहेत. तारखा जुळल्या नाहीत की साधा उशीर राहत नाही, खोटी माहिती दिल्याचा प्रश्न उभा राहतो. खरी तारीख टाका, उशीर झाला असेल तर तसं लिहा. दाखला पाच वर्षांचा असतो. नूतनीकरणाची तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पत्ता कुणाचा घालायचा?

या धंद्यात सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. लोक मशीन जिथं उभं आहे तो पत्ता घालतात. हॉस्पिटलची लॉबी तुमची नाही, तिचा उतारा किंवा भाडेकरार तुमच्या नावावर कधीच मिळणार नाही, मग अर्ज परत येतो. जिथं माल उतरतो, साठतो, जिथं बसून तुम्ही हिशेब करता, ती खोली म्हणजे तुमची आस्थापना. कायद्यातल्या 'दुकान' शब्दात धंद्याशी जोडलेलं कार्यालय, कोठार आणि गोदामही येतं. वडगावातली दहा बाय दहाची खोली चालते. मशीनच्या जागांची यादी मात्र वेगळी तयार ठेवा, पुढे लागते.

त्या खोलीचे कागद ही दुसरी अडचण. शहरात घरपट्टीची पावती आणि उतारा, गावात पंचायतीचा ई-स्वत्तू उतारा, सोबत हेस्कॉमचं लाईट बिल आणि भाडेकरार. उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव, आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली, आणि करारावर सही काकांची, हे आपल्याकडं घरोघरी आहे. सही करणारा आणि उताऱ्यावरचा मालक वेगळा दिसला की शंका येतेच. वंशावळ आणि बाकीच्या वारसांची संमती जोडून प्रयत्न करता येतो. पण माझा सल्ला असा की घाई असेल तर ज्याचे कागद सरळ आहेत अशी दुसरी खोली बघा. वारसा लावायचं काम घरातल्या चार जणांना एकत्र बसवून सावकाश करायचं असतं, परवान्याच्या घाईत ते होत नाही.

भाडेकरार इथल्या ई-स्टॅम्पवर करा. चंदगडहून आणलेला महाराष्ट्राचा बाँड इथल्या जागेला चालत नाही. अकरा महिने कधी संपले तेही तपासा. संपलेला करार जोडणारे खूप आहेत.

पाटीचंही सांगतो. आस्थापनेच्या फलकावर कन्नड असायलाच हवं, आणि 2024 च्या दुरुस्तीनंतर 60 टक्के कन्नड, तेही वरच्या भागात. मराठी खाली लिहिता येतं. खोलीच्या दारावरची पाटी तशी करून घ्या, उगाच वाद नको.

अर्ज भरल्यावर त्रुटीचा मेसेज येतो, तो कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत. इथं माझा जीव खरंच तुटतो. पन्नाशीतला, आयुष्यभर मराठी शाळेत शिकलेला माणूस तो मेसेज जाहिरात समजून पुसून टाकतो आणि महिनाभर दाखल्याची वाट बघत बसतो. भाषिक अल्पसंख्याकांना त्यांच्या भाषेत माहिती देण्याबद्दल इतकी वर्षं बोललं जातंय, निदान त्रुटीचं एक वाक्य तरी मराठीत यायला काय हरकत आहे? ते येईपर्यंत अर्जावर स्वतःचाच मोबाईल नंबर घाला, एजंटचा नको, आणि दर चार दिवसांनी पोर्टल उघडून बघा.

पोराचे कागद

चंदगड भागातला एक मुलगा मालकासोबत माझ्याकडं आला होता. टेबलावर तीन कागद ठेवले. आधारवर 'परशराम', शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'परशुराम', बँकेच्या पासबुकावर वडलांचं नाव गाळून नुसतं आडनाव. जन्मतारीख दाखल्यावर 1 जून, आधारवर फक्त साल जुळणारं. 1 जून ही आपल्या खेड्यांतल्या निम्म्या पोरांची जन्मतारीख आहे, गुरुजींनी शाळेत घालताना लिहिलेली. ते पोर कावरंबावरं होऊन मालकाकडं बघत होतं, जणू चूक त्याचीच. चूक त्याची नव्हती, पण दुरुस्ती त्यालाच करावी लागली.

दुरुस्ती कशाला धरून करायची? शाळेच्या दाखल्याला. महाराष्ट्रातला असेल तर एलसी, आपल्याकडचा असेल तर टीसी किंवा एसएसएलसीचं (दहावीचं) मार्क्सकार्ड. सर्वोच्च न्यायालयानं 2024 मध्ये सांगितलंय की आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे. आधी आधार दुरुस्त करा, मग बँक, मग नेमणूक. उलट्या क्रमानं गेलात तर दोनदा फेऱ्या. वय अठरा पूर्ण झालेलाच माणूस घ्या.

नेमणूकपत्र कर्नाटकाच्या कायद्यात 'क्यू' नमुन्यात द्यायचं असतं, कामावर घेतल्यापासून 30 दिवसांत. देशभरात 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनीही नेमणूकपत्र सक्तीचं केलंय. त्यात कामाचं स्वरूप 'हेल्पर' एवढंच लिहू नका. मशीन भरणे, साफसफाई, रोकड जमा करणे, दुचाकीवरून फिरणे असं सविस्तर लिहा. उद्या अपघात झाला तर 'तो कामावर होता का' याचं उत्तर त्या ओळीत असतं. दोन प्रती काढा, एकीवर त्याची सही घेऊन आपल्याकडं ठेवा.

मशीनमध्ये खायचं-प्यायचं असेल तर अन्न परवाना तुमच्याकडं असेलच. पण मालाला हात लावणाऱ्या माणसाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी लागते, आणि हा दाखला जवळजवळ कुणाकडंच नसतो. गल्लीतल्या डॉक्टरांच्या लेटरहेडवर 'फिट आहे' एवढं लिहून आणतात, ते पुरत नाही. अन्नसुरक्षेच्या ठरलेल्या नमुन्यात शारीरिक तपासणी, डोळे, त्वचा, विषमज्वरासारख्या आजारांची लस आणि संसर्गजन्य रोगाची चाचणी अशा ओळी आहेत. नमुना छापून घेऊन जा, नोंदणीकृत डॉक्टरांकडून ओळ न ओळ भरून घ्या, शिक्का आणि नोंदणी क्रमांक बघूनच खुर्चीतून उठा.

पैशाचं

किमान वेतन काम जिथं चालतं तिथलं. पोरगा चंदगडचा असला तरी दर कर्नाटकाचा, आणि शहराचा व गावाचा झोन वेगळा असू शकतो. इथला महागाई भत्ता दर 1 एप्रिलला बदलतो, महाराष्ट्रात जानेवारी आणि जुलैत. मागच्या वर्षीचा आकडा उतरवून घेऊ नका. पगार बँकेतून द्या.

व्यवसाय कराबाबतही पाहुण्यांचं ऐकू नका. महाराष्ट्रात पुरुषाला 7,500 च्या वर कर सुरू होतो. कर्नाटकात महिना 25,000 च्या खाली पगार असेल तर कामगाराचा कर शून्य. त्यावर गेला तर महिना 200 आणि फेब्रुवारीत 300. तुमचा स्वतःचा, जीएसटी नोंदणीवाल्याचा, वर्षाला 2,500 हा वेगळा, तो 30 एप्रिलच्या आत भरायचा.

पीएफ 20 कामगारांपासून, ईएसआय म्हणजे सरकारी कामगार विमा 10 पासून. एका माणसासाठी दोन्ही सक्तीचे नाहीत. तरी 'सगळं पॅकेज' म्हणून हजारो रुपये घेणारे भेटतात, त्यांना द्यायच्या आधी विचारून घ्या. पण ईएसआय नाही याचा अर्थ अपघात झाला तर भरपाई तुमच्या खिशातून. दिवसभर दुचाकीवर फिरणारा पोरगा आहे. पहिल्या दिवसाच्या आधी कामगार भरपाईची पॉलिसी, ज्याला सगळे डब्ल्यूसी म्हणतात, ती काढा. एवढं कराच.

केंद्राच्या विकसित भारत रोजगार योजनेत मालकाला महिना 3,000 पर्यंत मिळतात हे ऐकून लोक येतात. 50 पेक्षा कमी कामगार असलेल्यांनी किमान दोन माणसं वाढवावी लागतात आणि पीएफ नोंदणी हवी. एकाच माणसावर ते पैसे मिळत नाहीत. त्या आशेवर पगार ठरवू नका.

दिवसाला 9 तास, आठवड्याला 48, एक सुट्टी, आणि दर 20 दिवस कामामागं एक भरपगारी रजा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, 1 नोव्हेंबर या ठरलेल्या भरपगारी सुट्ट्या, शिवाय पाच सणांच्या. हॉस्पिटलचं मशीन सुट्टीला बंद राहत नाही हे खरं, पण त्या दिवशी बोलावलंत तर दुप्पट पगार किंवा पगार आणि बदली सुट्टी.

राहिला गेटपास. कारखाने आणि हॉस्पिटलं पोलीस पडताळणी मागतात. इथला पत्ता असेल तर कर्नाटक पोलिसांकडं अर्ज, चंदगडचा असेल तर कोल्हापूर पोलिसांकडं चारित्र्य पडताळणीचा. त्याला गावी ठाण्यात बोलावतात, म्हणून तो अर्ज सगळ्यात आधी टाका, नेमणुकीच्याही आधी. मशीनच्या जागांची जी यादी करायला सांगितली, ती या अर्जाला आणि पॉलिसीला दोन्हीकडं लागते.