बर्फघराचा जीव सांडपाण्याच्या पाइपात

वीज नव्हती तेव्हाही इंग्लंडमधल्या जमीनदारांच्या पंगतीला भर उन्हाळ्यात आइस्क्रीम असे. हे खरे आहे. तो ज्या बर्फाने जमे, तो बर्फघरात, म्हणजे जमिनीत बांधलेल्या बर्फाच्या कोठारात ठेवत. पण त्यामागोमाग 'तिथे जमिनीच्या गारव्याने बर्फ तयार व्हायचा' असेही सांगितले जाते, ते साफ चूक. इंग्लंडमध्ये काही मीटर खोलीवर जमीन वर्षभर सुमारे 10 अंश सेल्सिअसला असते. तेवढ्यात बर्फ बनत नाही, वितळतो. बर्फघराचे काम बर्फ बनवण्याचे नव्हतेच. त्याचे वितळणे लांबवण्याचे होते.

इस्टेटीवर मोठ्या घराभोवती तबेला, दुग्धशाळा, धोबीघर, कबुतरखाना अशा बऱ्याच इमारती असत. बर्फघर त्यांपासून दूर, शक्यतो तळ्याजवळ आणि झाडांच्या सावलीत. पहिला जेम्स राजाने 1619 मध्ये ग्रिनिच पार्कात बांधवून घेतलेले बर्फघर इंग्लंडमधल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत ती मोठ्या इस्टेटींवर सर्रास दिसू लागली. डेव्हनमधल्या किलरटनला 1808 साली बांधलेल्या बर्फघरात सुमारे 40 टन बर्फ मावे.

रचना साधारण अशी: जमिनीत विटांनी बांधलेला अंड्याच्या आकाराचा खड्डा, टोक खाली. वर घुमट, घुमटावर मातीचा जाड थर. आत जायला बहुधा उत्तरेकडून बोळ, त्यात दोन-तीन दारे. तळाशी निचऱ्याची खाच आणि तिच्यावर जाळी म्हणून कधी कधी बैलगाडीच्या चाकासारखे जुने लाकडी चाकच टाकत. हिवाळ्यात तळे गोठले की बर्फ फोडून गाड्यांतून आणायचा, मोगऱ्यांनी कुटून बारीक करायचा आणि थराथराने ठोकून दाबून भरायचा. अख्ख्या लाद्या रचल्या तर मधल्या फटींतून हवा खेळते. कुटलेला बर्फ पाणी शिंपडल्यावर गोठून एकसंध होतो. भिंतीलगत आणि वरून गव्हाचे कोरडे काड.

आता हिशोब. 4 मीटर व्यासाचा चेंडूसारखा गोल खड्डा धरू: 33 घनमीटर, म्हणजे कुटलेला बर्फ साधारण 25 टन. पृष्ठभाग 50 चौरस मीटर. काड कोरडे असेल तर 10 अंशांच्या फरकाला भिंतीतून अंदाजे 150 वॅट उष्णता आत येईल, म्हणजे दिवसाला 13 मेगाज्यूल. बर्फाचा अप्रकट उष्मा (वितळताना तो शोषतो ती उष्णता) किलोला 334 किलोज्यूल, तेव्हा रोज 39 किलो वितळेल. या गतीने बर्फ दीड वर्षाहून जास्त पुरतो. व्यास दुप्पट केला तर बर्फ आठपट होतो, पृष्ठभाग चौपटच. म्हणून लहान बर्फघर परवडतच नसे.

मग कधी कधी बर्फ जूनमध्येच का संपे? बहुतेक वेळा दोष तळाच्या खाचेतून वितळलेले पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपात असे. तो गाळाने आणि काडाच्या तुकड्यांनी तुंबला की पाणी चढते, काड भिजते. पाण्याची उष्मावाहकता हवेच्या वीसपटीहून जास्त, त्यामुळे भिजलेले काड असून नसल्यासारखे.

पाइप मोकळा, पण उघडा असेल तर वेगळेच संकट. 0 अंशाची हवा 20 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 7 टक्के जड असते. 5 मीटर उंचीच्या थंड हवेच्या स्तंभामुळे खाली जेमतेम 4 पास्कल जादा दाब मिळतो, पण तेवढा पुरतो. थंड हवा पाइपातून बाहेर ओघळते, तिच्या जागी दारांच्या फटींतून उबदार हवा ओढली जाते, रात्रंदिवस. पाइप 10 सेंटीमीटरचा आणि हवेचा वेग सेकंदाला 1.3 मीटर धरला तर नुसत्या हवेने अडीचशे वॅट आत येतात. शिवाय बाष्प! एक ग्रॅम बाष्प बर्फावर द्रवले की सुमारे 2500 ज्यूल सोडते, म्हणजे साडेसात ग्रॅम बर्फाचे पाणी करते. दमट दिवशी त्याचे आणखी पावणेदोनशे वॅट. एकूण नुकसान रोज शंभर किलोंच्या वर, भिंतींतून होते त्याच्या जवळजवळ तिप्पट.

उपाय म्हणजे आपल्या मोरीतला नहाणी ट्रॅप. पाइपाच्या वाकात पाणी साठून राहते: वितळलेले पाणी जाते, हवा अडते. मात्र बर्फ भरण्याआधी गाळ काढून त्या वाकात पाणी ओतायला हवे, कारण रिकाम्या बर्फघरात ते सुकून गेलेले असते. दारांचा नियमही यातूनच येतो. बाहेरचे लावल्याशिवाय आतले उघडायचे नाही, आणि बर्फ काढायचा तो पहाटेच्या थंड हवेत.

ओसाड पडलेल्या बर्फघरांच्या बोळांना पुढे गावोगाव 'चर्चपर्यंत जाणारे गुप्त भुयार' म्हटले गेले. तळाचा निचरा पाहिला असता तर ती अफवा तिथेच मिटली असती.

हेच शास्त्र व्यापारातही चालले. 1833 मध्ये बॉस्टनहून 'टस्कनी' जहाज 180 टन बर्फ घेऊन निघाले. चार महिन्यांनी कलकत्त्याला त्यातला सुमारे 100 टन पोहोचला. पुढे मुंबई आणि मद्रासलाही अमेरिकेचा बर्फ येऊ लागला; तो साठवायला बांधलेले मद्रासचे आइस हाउस आज विवेकानंदर इल्लम म्हणून उभे आहे. इंग्लंडमध्ये आधी नॉर्वेचा बर्फ आला, मग यंत्राचा, आणि इस्टेटीवरच्या बर्फघरांची गरज संपली. आता त्यांतल्या कित्येकांत वटवाघळे हिवाळा काढतात. त्यांना न बदलणारे तापमान आणि दमट हवा लागते, म्हणून डागडुजी करताना दाराच्या जागी त्यांना ये-जा करता येईल अशी आडव्या गजांची जाळी बसवतात.